यंत्राचा कौल

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीवर आम्ही काही बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो 'धातुशोधक यंत्र' हा. चालकांना नवल वाटले. आमचे शाळेतील शिक्षण दहावीच्या अलीकडेच संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. अशा माणसाने विज्ञानाच्या विषयाला हात घालावा हे कोणाला धाडस वाटले, तर त्यात त्यांची चूक नाही. परंतु हा विषय आम्ही हौसेने शोधून काढलेला नाही. तो एका कारखान्याच्या फाटकातून आमच्याकडे चालत आला, आणि तोही लंगडत आला.

काही वर्षांपूर्वी त्या कारखान्यात तांब्याच्या तारेचे तुकडे चोरीस जाऊ लागले. व्यवस्थापनाने फाटकावर धातुशोधक चौकट बसविली. पाळी सुटली की प्रत्येकाने तिच्यातून जावयाचे. घंटा वाजली की बाजूला उभे राहावयाचे. आमच्या एका फिटर सभासदासाठी ती रोज वाजू लागली. त्याचे मांडीचे हाड त्याच कारखान्यातील अपघातात मोडले होते आणि आत पोलादी सळई घातलेली होती. रोज सगळ्यांदेखत त्याची झडती होई. तिसऱ्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या पायातलं लोखंड कंपनीच्याच खर्चानं बसवलेलं आहे. ते मी रोज घरी नेतो, एवढीच माझी चोरी."

त्या वाक्याने आम्ही विचारात पडलो. यंत्राने खोटे सांगितले होते काय? नाही. यंत्र म्हणाले, 'येथे धातू आहे'. आणि धातू होताच. पहारेकऱ्याने ऐकले मात्र, 'येथे चोर आहे'. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. उजवे फूल पडले की होय, डावे पडले की नाही. देव त्याहून जास्त बोलत नाही. त्या होकाराचा अर्थ काय, हे माणसांनी बसून ठरवावयाचे असते. धातुशोधक यंत्राचेही नेमके तसेच आहे.

अध्यक्षांच्या देहातील गोळी

या यंत्राच्या जन्मकथेतच हा धडा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरण तेव्हा सापडावयाचे होते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा श्रवणभाग जोडून एक यंत्र तयार केले. धातूजवळ नेले की त्यातून आवाज येई. ह्यूज या शास्त्रज्ञाने १८७९ साली केलेल्या रचनेचा त्यास आधार होता. बेल यांनी प्रयोगशाळेत यंत्राची परीक्षा घेतली, आणि ते चालले.

अध्यक्षांच्या खोलीत मात्र ते फसले. याची दोन कारणे सांगतात. एक, अध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या; त्यांनी यंत्राला गोंधळात टाकले. दुसरे, गोळी उजव्या बाजूस आहे असे मुख्य डॉक्टरांचे ठाम मत होते, म्हणून शोध उजव्या बाजूसच घेतला गेला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली.

पहिल्याच मोठ्या परीक्षेत यंत्र नापास झाले असे पुष्कळ म्हणतात. आम्ही म्हणतो, यंत्र पास झाले. आजूबाजूचे लोखंड दूर करणे आणि सगळीकडे शोधणे ही माणसांची कामे होती. नापास ती माणसे झाली.

यंत्र काय ऐकते

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तांब्याची तार ठेवली तर तिच्यात वीज वाहते. त्याच शोधावर आपली वीजकेंद्रे चालतात आणि हे यंत्रही चालते. यंत्राच्या दांड्याला खाली जी थाळी असते, तिच्यात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे थाळीखालच्या मातीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते. मातीत धातूचा तुकडा असला तर त्या तुकड्याच्या अंगात वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते. ही फिरणारी वीज स्वतःचे एक दुबळे क्षेत्र उलट पाठविते. थाळीतील दुसरे वेटोळे ते पकडते.

दोन्ही वेटोळी अशी बसविलेली असतात की, एरवी पहिल्याचा आवाज दुसऱ्याला ऐकू येऊ नये. वाण्याच्या तराजूचा काटा दोन्ही पारडी रिकामी असताना मधोमध उभा राहतो, तसे हे. धातू जवळ आला की काटा हलतो. म्हणजे यंत्र सोने पाहत नाही, चांदी पाहत नाही. तोल बिघडला एवढेच त्याला कळते.

मग सोने, लोखंड, तांबे हे वेगळे कसे ओळखावयाचे? येथे घंटेचे उदाहरण उपयोगी पडेल. देवळातली जाड काशाची घंटा वाजविली की नाद कितीतरी वेळ घुमत राहतो. पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारली की आवाज तिथल्या तिथे मरतो. धातूतील भोवऱ्यांचेही असेच आहे. चांदी किंवा तांब्याच्या जाड तुकड्यात ते रेंगाळतात. पातळ वर्खात लगेच विरतात. परत येणारे उत्तर किती मागे रेंगाळले, हे यंत्र मोजते आणि त्यावरून अंक दाखविते किंवा सूर बदलते. लोखंडाची तऱ्हा आणखी निराळी. ते स्वतःच चुंबक बनते, म्हणून त्याचे उत्तर दुसऱ्याच दिशेने येते.

रेल्वेच्या यार्डात हातोडीने चाके ठोकीत जाणारा कामगार जुन्या लोकांनी पाहिला असेल. नादावरून तो चाकाला तडा आहे की नाही ते सांगे. धातुशोधक चालविणारा त्याचाच भाऊबंद आहे. फरक एवढाच की, त्याचे चाक डोळ्यांना दिसत होते, आणि याचे मातीत गाडलेले असते.

अंगणातील शाळा

एवढे पुस्तकात वाचून आमचे समाधान झाले नाही. आमच्या युनियनमध्ये नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातील वॉलमन आहेत. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, आणि व्हॉल्व्हच्या चेंबरचे बिडाचे झाकण त्यांच्याखाली नाहीसे होते. पाइप फुटला की ते शोधण्यासाठी अर्धा रस्ता खणण्यापेक्षा धातुशोधक फिरविणे बरे. असा एक वॉलमन आणि खडकीच्या बाँबे सॅपर्स पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार, असे दोन गुरू आम्हांला लाभले. एका रविवारी सुभेदारसाहेबांच्या अंगणात आम्ही तिघांनी डझनभर वस्तू पुरल्या: खिळा, लोखंडी वायसर, बाटलीचे बूच, सिगारेटच्या पाकिटातील चांदी, पितळी चकती, तांब्याचा जुना पैसा, वॉलमनच्या आईने जपून ठेवलेला राणीच्या छापाचा चांदीचा रुपया आणि आजचा एक रुपया. काही चार बोटे खोल, काही वीतभर, काही हातभर.

पहिला धडा हाताचा. आम्ही थाळी लोलकासारखी हलवीत होतो. दोन्ही टोकांना ती वर जात होती. सुभेदारसाहेब हसून म्हणाले, "भाऊ, भाषण करताना हात असा हलवा. इथे नको." त्यांच्या घरच्या बाईंनी तोड सांगितली: शेणाने अंगण सारवताना हात जसा जमिनीला धरून सपाट फिरतो, तसा फिरवा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढला पाहिजे, नाहीतर मध्ये कोरी पट्टी राहते. थाळी जमिनीला जितकी जवळ तितके बरे. घाई करावयाची नाही.

दुसरा धडा खोलीचा. चार बोटांवरचा पैसा खणखणीत बोलला. वीतभर खोल होता तो पुटपुटला. हातभर खोल पुरला होता तो मुकाच राहिला. लहान वस्तूचे उत्तर अंतराबरोबर फारच झपाट्याने क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की उत्तर निम्मे होत नाही, ते सुमारे चौसष्टावा हिस्सा उरते. जाताना क्षेत्र क्षीण होते आणि परत येताना पुन्हा क्षीण होते, म्हणून ही गत. हौशी लोकांचे साधे यंत्र चांगल्या जमिनीत रुपयाएवढे नाणे साधारण वीतभर खोलीवर दाखविते. थाळी मोठी असली तर खोलवरचे मोठे लोखंड सापडते, पण बारीक वस्तू निसटते. दहा-वीस फुटांखालचा हंडा दाखविणारे यंत्र म्हणून जाहिराती येतात. त्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी वाचकांनी हा चौसष्टाचा हिशेब आठवावा.

तिसरा धडा ओळखण्याचा, आणि येथे आमची खरी फजिती झाली. लोखंडी वायसर अगदी चांगल्या धातूसारखा बोलला, कारण त्याचा आकार कड्याचा; वीज त्यात मजेत गोल फिरते. सिगारेटच्या चांदीने जो अंक दाखविला, त्याच घरात सोन्याची बारीक अंगठीही येते, असे वॉलमनने सांगितले. म्हणजे वर्ख टाळावयाचा म्हटले तर अंगठीही टळते. सर्वांत गंमत आजच्या रुपयाची. १९९२ पासून एक रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचे निघू लागले. यंत्राने त्याला लोखंडाच्या पंक्तीला बसविले. चलनात ज्याला रुपयाचा मान, मातीत त्याला खिळ्याचा मान. माणसाने घातलेली किंमत यंत्राला कळत नाही, हे आम्हांला येथे प्रत्यक्ष दिसले.

मग अनुभवी माणूस ओळखतो कशावरून? एकाच खुणेवरून नव्हे, चार-पाच खुणा जुळवून. तो एकाच जागेवर उभी-आडवी फुली मारून नेमका बिंदू काढतो. मग वस्तूभोवती चौथाई वर्तुळ फिरून दुसऱ्या बाजूने थाळी नेतो. नाणे गोल असते, म्हणून ते आडवे पडलेले असेल तर कोणत्याही बाजूने तेच बोलते. खिळा एका बाजूने एकदा वाजतो, दुसऱ्या बाजूने दोनदा, आणि अंकही बदलतो. नाणे कडेवर उभे असले तर मात्र तेही फसविते. थाळी हळूहळू उचलून तो पाहतो, की आवाज लगेच मरतो की टिकतो. टिकला तर खाली मोठी वस्तू, बहुधा पत्रा किंवा डबा. अंक स्थिर राहतो की उड्या मारतो, हेही पाहतो. एवढे करून तो म्हणतो, "बहुधा नाणं." खात्री फक्त खुरप्याने होते.

जमीनही बोलते

चौथा धडा मातीचा. आपल्या महाराष्ट्राची बरीचशी जमीन काळ्या अग्निजन्य खडकाची आहे. त्या खडकात चुंबकाला ओढणारे लोहखनिज असते. नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा, काळी बारीक पूड त्याला मिशांसारखी चिकटेल. कोकणातील जांभ्याची तांबडी मातीही लोहाने भरलेली. अशा जमिनीवर यंत्र जमिनीलाच धातू समजून कुरकुरू लागते. समुद्रकाठच्या ओल्या खारट वाळूतून वीज वाहते, म्हणून तेथेही गोंधळ होतो.

यावर उपाय असा. धातू नसलेली जागा पाहून थाळी खाली-वर करीत राहावे आणि त्या जमिनीचा आवाज शून्यावर येईल असे यंत्र जुळवून घ्यावे. वाणी आधी रिकाम्या डब्याचे वजन वजा करतो, तसेच हे. दुसऱ्या एका जातीची यंत्रे क्षेत्राचा झटका देऊन लगेच थांबतात आणि शांततेत मागे काय घुमते ते ऐकतात. ती वाईट जमिनीत अधिक चांगली चालतात, पण लोखंड आणि सोने यांत त्यांना फारसा भेद करता येत नाही. म्हणजे एका हाताने मिळविले ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते. मालकाशी करार करताना आम्ही हे पुष्कळदा अनुभवले आहे.

दोन चुका

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्राकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. घंटा वाजली, पण जे हवे होते ते खाली नाही, ही एक. घंटा वाजली नाही, पण खाली ते होते, ही दुसरी. यंत्रावर एक बटण असते. ते एका बाजूला फिरविले की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. उलट फिरविले की उलट होते. दोन्ही एकदम शून्यावर येतील असे बटण आम्हांला कोणी दाखविले नाही. तेव्हा प्रश्न असा: बटण कोठे ठेवावयाचे, आणि ते कोणी ठरवावयाचे?

नाणी शोधणाऱ्या हौशी माणसाला लोखंडाचा कंटाळा येतो. तो बटण फिरवून लोखंड बंद करतो. खिळ्याशेजारी पडलेले एखादे नाणे त्यामुळे राहून जाते. त्याचे नुकसान किती? एक नाणे. त्याला ते परवडते. इंग्लंडमध्ये ही हौस मोठी आहे. २००९ साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात अशाच एका माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्या-चांदीच्या हजारो तुकड्यांचा साठा सापडला. त्याने तो कळविला. तेथे १९९६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे किंमत ठरली आणि शोधणारा व शेतमालक यांना ती वाटून मिळाली.

आपल्याकडे मात्र कोणी या लोभाने यंत्र घेऊन गडकिल्ल्यांवर जाऊ नये. १८७८ चा निखात-निधीचा कायदा सांगतो की, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी कलेक्टरला कळविलाच पाहिजे. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीवाचून खणता येत नाही. हा नुसता सरकारी हट्ट नव्हे. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी पडले होते, यावरून इतिहास कळतो. ते उपटून खिशात घातले की उरतो तो नुसता धातू.

जेथे चुकीची किंमत पाय असतो

आता त्याच यंत्राचे दुसरे रूप पाहा. सुभेदारसाहेबांनी अंगणात फावडे कधी वापरले नाही. खिळ्याचा आवाज आला तरी ते गुडघ्यावर बसत आणि सळई तिरपी धरून बाजूने माती टोकरीत. आम्ही म्हटले, "साहेब, खिळाच तर आहे." ते म्हणाले, "तो खिळा आहे हे तुम्हाला माहीत, कारण तुम्ही पुरलाय. आम्ही जिथं काम केलं तिथं पुरणारा सांगायला थांबला नव्हता."

सुरुंग शोधणाऱ्याचा नियम हा आहे: प्रत्येक आवाज सुरुंगाचाच, जोवर उघडून पाहिले नाही तोवर. लोखंड बंद करण्याचे बटण त्याला नाही. जुन्या रणभूमीवर गोळ्यांची टरफले, तारा, बॉम्बच्या कपच्या यांचा सडा असतो. एका सुरुंगामागे शेकडो निरुपयोगी तुकडे टोकरावे लागतात. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ठरावीक नमुना ठेवून यंत्र तपासतात. साधारण मीटरभर रुंदीची वाट आखतात. आधी डोळ्यांनी पाहावयाचे, ताणलेली तार आहे काय ते चाचपावयाचे, गवत कापावयाचे, मग थाळी फिरवावयाची. आवाज आला की खूण करावयाची आणि बाजूने सळईने टोकरावयाचे. कारण सुरुंगाचा दाब वरून बसतो.

यंत्र येण्यापूर्वी हे काम केवळ हातांनी आणि डोळ्यांनी होत असे. १९४१ च्या प्रारंभी बाँबे सॅपर्सबरोबर असलेले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांनी ॲबिसिनियाच्या आघाडीवर चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे साफ केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली आणि कानाचा पडदा फाटला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच पलटणीचे, कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत नौशेरा ते राजौरी हा रस्ता शत्रूच्या माऱ्याखाली मोकळा केला. रणगाड्याच्या गतीने सरपटत, रणगाडा चालविणाऱ्याला दोरीने खुणा करीत त्यांनी सुरुंग काढले असे सांगतात. त्यांना परमवीर चक्र मिळाले. खडकीच्या रस्त्याने जाताना या दोघांची आठवण ठेवावी.

हातात धरून चालविण्याचे सुरुंगशोधक यंत्र मोठ्या प्रमाणावर आले ते युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यामुळे. स्कॉटलंडमधील पोलिश सैन्यात असताना, १९४१-४२ च्या सुमारास त्याने ते तयार केले. ऑक्टोबर १९४२ मध्ये सुरू झालेल्या एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे होती. त्याने पेटंट घेतले नाही. यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. अशी माणसे आम्हांला फार जवळची वाटतात.

परंतु पुरणाराही स्वस्थ बसला नाही. यंत्र धातू ऐकते काय? मग सुरुंगात धातूच नको. जर्मनांनी लाकडी पेटीचे आणि काचेचे सुरुंग काढले. पुढे प्लॅस्टिकचे आले; काहींत धातू म्हणून एक ग्रॅमहूनही हलकी टाचणी. ती ऐकावयाची तर यंत्राचे कान इतके तीक्ष्ण करावे लागतात की मातीतला प्रत्येक कण ओरडू लागतो. युद्ध संपते, तह होतो, फौजा परततात. मागे राहतो तो मुका सुरुंग आणि नांगर घेऊन आलेला शेतकरी. कंबोडियाच्या तांबड्या जमिनीत हेच झाले. म्हणून १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय करारात अशी अट घातली गेली की, माणसांविरुद्धच्या सुरुंगाने निदान आठ ग्रॅम लोखंडाएवढे उत्तर यंत्राला दिलेच पाहिजे. भारत त्या करारात आहे. आठ ग्रॅम म्हणजे दोन-तीन खिळे! एका मनुष्याचा पाय वाचण्याची सोय आठ ग्रॅमांत मोजली जाते.

त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे १९९७ चा ओटावा करार. त्याने असे सुरुंग वापरणे, करणे आणि साठविणे यांवर पूर्ण बंदी घातली. दीडशेहून अधिक देशांनी तो स्वीकारला. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिका त्यात आले नाहीत. आणि २०२५ साली लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड व पोलंड यांनी त्यातून बाहेर पडण्याची पावले उचलली. सीमा राखणाऱ्यांची अडचण आम्ही नाकारीत नाही. पण सुरुंग पुरण्याचा निर्णय ज्या खोलीत होतो, तेथे थाळी फिरविणारा माणूस बसलेला नसतो, एवढे आम्ही सांगतो.

यावर माणसाने एक सुंदर तोड काढली आहे. टांझानियात मोठ्या आफ्रिकन उंदरांना स्फोटकाचा वास ओळखावयास शिकविले जाते. उंदराला धातूशी कर्तव्य नाही, त्यामुळे खिळ्या-कपच्यांपाशी तो थांबत नाही. आणि वजनाने इतका हलका की सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या अशा एका उंदराने कंबोडियात ७१ सुरुंग दाखविले. २०२० साली त्याला ब्रिटनमधील एका प्राणिसंस्थेचे सुवर्णपदक मिळाले. तरीही उंदराने जागा दाखविल्यावर गुडघे टेकून माती टोकरावयास माणूसच लागतो.

पुन्हा फाटकापाशी

हे सारे शिकून आम्ही त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे गेलो. चौकट काढा, अशी मागणी आम्ही केली नाही. चोरी ही चोरीच आहे. आम्ही विचारले, बटण कोठे ठेवले आहे? ते कोणालाच माहीत नव्हते. बसविणाऱ्याने जसे ठेवले तसे होते. पट्ट्याचे बक्कल आणि किल्ल्यांनाही ते वाजे. आम्ही पाच गोष्टी मागितल्या. रोज पाळीपूर्वी तांब्याचा ठरावीक तुकडा नेऊन दोन्ही बाजूंसमक्ष यंत्र तपासावे. घंटा वाजली तर हातातल्या यंत्राने नेमकी जागा काढावी. मांडीपाशीच वाजत असेल आणि डॉक्टरांचा दाखला असेल तर माणसाला जाऊ द्यावे. झडती घ्यावयाचीच तर बंद खोलीत घ्यावी. आणि प्रत्येक घंटेची नोंद वहीत करावी: वाजली का, आणि सापडले काय.

बऱ्याच वादानंतर हे मान्य झाले. वही भरू लागली. पाने भरली ती बकलांनी, किल्ल्यांनी आणि डब्यांनी. तांब्याची चोरी एकदा पकडली गेली, पण ती चौकट न वाजता. पहारेकऱ्याला एकाचे चालणे संशयास्पद वाटले म्हणून. तो आमचाच सभासद निघाला. त्याचे समर्थन आम्ही केले नाही. चौकशी रीतसर व्हावी, एवढेच पाहिले. दोन्ही चुका त्या एका वहीत लिहिल्या गेल्या, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

आता यंत्रे अधिक हुशार होत आहेत. ती अंक दाखवितात, चित्र दाखवितात, उद्या नावही सांगतील. सांगोत बापडी. आम्ही वाचकांस एवढेच विनवितो की, यंत्राने कौल दिला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. यंत्राने नेमके काय ऐकले? त्याचे बटण कोणी लावले? आणि ते चुकले तर किंमत कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ज्या माणसाचे नाव येईल, त्याला बटण लावताना शेजारी बसवावे. सुरुंग शोधणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. कारण तेथे बटण लावणारा आणि पाय टाकणारा एकच असतो.

तो फिटर अजून त्याच फाटकातून जातो. चौकट अजून वाजते. पहारेकरी हातातले यंत्र मांडीपाशी नेतो, वहीत खूण करतो आणि म्हणतो, "चला, दादा." धातू तोच आहे, घंटाही तीच आहे.